उजवाच पाय गार होता

सिस्टर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आता तुमच्यासारखी मीच नव्या मुलींवर ओरडते. घाटकोपरच्या वॉर्डात तुम्ही इनचार्ज होतात, मी नवीकोरी. साखर तपासली, सलाईन बघितलं, म्हणजे माझं काम झालं. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "पायाक हात लावलंस? मग काय बघलंस गो?" मला रडूच आलं. नंतर चहा पाजून समजावलंत, की साखर फार भडकली की अंगातलं पाणी जातं, रक्त घट्ट होतं, आणि क्वचित कुणाच्या पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. वेळेत कळलं नाही तर पाय जातो. क्वचित होतं म्हणून विसरायचं नाही, म्हणालात.

तुमचं ते 'क्वचित' गेल्या नवरात्रात मुलुंडला आमच्याकडे आलं. एकोणीस वर्षांची मुलगी, लहानपणापासून इन्सुलिनवर. नऊ दिवसांचे उपास धरले आणि इन्सुलिन बंद. तिची आई मला सांगतेय, "जेवतच नाही ना ती, मग सुई कशाला, असं वाटलं." मुलगी धापा टाकतेय, अर्धवट शुद्धीत. दुपारपर्यंत साखर उतरते, सगळे जरा निवांत होतात. एक वाजता मी तिच्या पायांना हात लावते. डॉक्टर म्हणतात, "अंगात पाणी कमी आहे सिस्टर, गार लागणारच." मी म्हटलं, "सर, डावा गरम आहे. उजवाच गार आहे, आणि नाडी लागत नाही." त्यांनी स्वतः हात लावून बघितला आणि फोन उचलला. तासाभरात ती ऑपरेशनला गेली. माझं चुकलं असतं तर हसं झालं असतं, पण मला पक्की खात्री होती.

पाय वाचला, करंगळी मात्र काढावी लागली. "जिवावरचं करंगळीवर निभावलं," म्हणत तिच्या आईने मला पेढे दिले. हा किस्सा मी नव्या मुलींना ऐटीत सांगते, आणि का सांगू नये?

फक्त बारा वाजताची नोंद सांगत नाही. 'दोन्ही पाय गरम.' अक्षर माझंच आहे, आणि त्या फेरीला मी तिच्या पायांशी गेलेच नव्हते. तिच्या ड्रेसिंगला मी दर वेळी दुसरीला पाठवलं. तुम्ही असतात तर हे पत्र लिहिलंच नसतं. भेटून सगळं सांगितलं असतं, एवढं सोडून.