चालणाऱ्या कळ्या

दि. ९ मार्च, सकाळ

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही हे पाहून दचकली असशील. घाबरू नकोस, आतलं माझंच आहे. अक्षर एवढं मोठं आणि जाड का, तेही सांगतो. फोन केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून "सगळं झकास" एवढंच निघतं. चौतीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, खोट्याला खऱ्याची चकाकी देणं हातात मुरलंय.

इकडे मी ठीक आहे, गुडघा सोडून. खालच्या दुकानदाराने दाराला भडक निळा रंग दिलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "कसा वाटतो?" विचारत बसतो. मी "छान" म्हणालो. सुटका नव्हती.

आता तुझ्या कॅक्टसचं. तू रजा टाकून, तिकीट काढून त्याचं फूल बघायला येते आहेस, म्हणून आधीच सांगायला हवं. फूल येणार नाही.

जानेवारीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, अकरा वर्षांनी कळ्या धरताहेत, काट्यांच्या बुडाशी पांढरी लव आलीये. लांबून काढलेला फोटोही पाठवला. तू तो ऑफिसात सगळ्यांना दाखवलास, आणि मला चेवच आला. महिन्यातून एकदा द्यायचं पाणी दर आठवड्याला द्यायला लागलो. वर चिमूटभर खत.

तीन आठवड्यांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई कवळी टोचते म्हणून आल्या. निवृत्त झाल्या तरी अख्ख्या इमारतीचा ताप त्याच बघतात. मी कवळी घासत होतो, त्या खिडकीत कुंडीपाशी उभ्या होत्या. दात माझ्या हातात, त्यामुळे बोलणं बोळक्यातून.

"अहो, तुमच्या कळ्या चालताहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय आहेत त्यांना. पिठ्या ढेकूण आहेत हे! कापसासारखे दिसतात आणि झाडाचा रस पितात. किती दिवस पोसताय?"



लगेच झाड कुंडीतून उपसलं. मुळांवरही पांढरी भुकटी, आणि माझ्या पाण्याच्या कृपेने अर्धी मुळं कुजलेली, बोटात धरली की सालपट निघून यायचं. ती कापून टाकली. बुंध्यावर सळईने टोकरून पाहिलं, दात तपासतात तसं. टणक लागलं तर जुना व्रण, सळई रुतली तर कीड. एकाच जागी रुतली. तिथलं मऊ सगळं कोरून काढलं. हे माझ्या हाताचं काम, त्यात मी चुकत नाही.

राहिले ढेकूण. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि एकेकाला टेकवायचा, बाई म्हणाल्या. सोपं आहे. पण मला एकही दिसेना. चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला. शेवटी डोळे बाईंचे आणि हात माझे असा कारभार सुरू झाला. "डावीकडे. वर. अहो, तो काटा आहे!" दीड तासाने बोटांची चाळण झाली, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच दिसत नाहीत ना?"

पांढऱ्याच्या सोळा छटा ओळखून पोट भरलेला माणूस मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण खारूताई, मला ठाऊक होतं. डिसेंबरात दातांच्या डॉक्टरांकडून मी केलेले दोन दात परत आले, शेजारच्या दातांशी रंग जुळत नाही म्हणून. मी ट्यूबलाइट बदलली. खिडकीचे सरळ गज मध्येच वाकलेले दिसायचे, तर मी खिडकीकडे बघणंच सोडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कामाचं टेबल आवरा आणि माझ्याकडे चला. त्या टेबलाशिवाय मी कोण, हे मला माहीत नाही गं. भ्यालो, दुसरं काही नाही.

बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांचा मागचा पडदा मधोमध खराब होतोय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखता येईल. त्यासाठी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. पहिलं गेल्या गुरुवारी झालं. फारसं दुखत नाही, पण सुई जवळ येताना माझी पाचावर धारण बसली होती. रंग जुळवायचं काम मी बंद केलंय. घासणं आणि डागडुजी चालू आहे, ती बोटांनी होते.

तुझा कॅक्टस आठवडाभर सावलीत उघडाच ठेवला. जखमा सुकल्यावर वाळू घातलेल्या कोरड्या मातीत लावला, पाणी अजून नाही. बाई दर रविवारी भिंग घेऊन येतात. काल एकही सापडला नाही. अंगावरचा खड्डा मात्र बुजायचा नाही, वाढेल ते शेंड्याने. शेंडा टणक आहे, ते मी बोटाने पाहिलं. हिरवा आहे, असं बाई म्हणतात.

पाकिटावरच्या रेघा मला सापडेनात, म्हणून पत्ताही त्यांनीच घातला.

फूल नाही तर उगाच रजा कशाला घालवतेस, असं मी आधी लिहिलं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. ये. मी स्टेशनवर येईन, नेहमीच्या घड्याळाखाली उभा राहीन. पण समोरून येणारा चेहरा हल्ली मला पटकन ओळखू येत नाही. मी तुझ्याकडे बघत असलो आणि हललो नाही, तर रागावू नकोस. या वेळी आधी तू हाक मार.

तुझा,
बाबा