मंगनीच्या दिवशी गणिताचा पेपर

साखरखेर्डा,
१९ फेब्रुवारी

प्रिय फहीम बेटा,
सलाम आणि खूप खूप दुआ.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुझं "हां अम्मी, हां अम्मी" सुरू होतं, आणि मी बोलून पाठवलेले निरोप तू दुप्पट वेगानं ऐकतोस, हे मला मदिहानं सांगितलं. होणाऱ्या बायकोजवळ आपली गुपितं जरा जपून सांगत जा. कागदाला मात्र वेग वाढवायचं बटण नसतं. शिवाय माझ्या दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन येतं, तेवढाच सराव होईल.

कापूस अजून घरातच आहे. भाव चढेल म्हणून तुझ्या अब्बांनी थांबवून ठेवला आणि भाव खाली घसरला. पुढची खोली अर्धी भरली आहे, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलीय. गुलाबी अळीनं यंदाही शेवटची वेचणी खाल्ली. बियाण्याच्या पाकिटावरचं झाड तेवढं अजून हिरवंगार आहे. मी त्याच कापसाच्या ढिगाला पाठ टेकवून अभ्यास करते. विकला गेला की मला बसायला दुसरी जागा शोधावी लागेल.

तुझ्या कंपनीचं शिकवणीचं ॲप तू मला फुकट चालू करून दिलंस, त्याला मी नावं ठेवणार नाही. त्यातला गणिताचा मुलगा समजावून सांगतो, एकच धडा कितीदाही लावला तरी चिडत नाही. पण मला समजलं नाही, हे त्याला काही केल्या समजत नाही. "समजलं ना? छान!" म्हणतो आणि पुढं पळतो. आणि मी मान हलवते. रिकाम्या घरात फोनसमोर मान हलवणारी बाई म्हणजे तुझी आई.

तू म्हणालास, घरीच शीक, या वयात वर्गात जाऊन बसायचं कशाला, लोक हसतात. हसतात ना. शाळा सुटल्यावर रिकाम्या खोलीत आमचा वर्ग भरतो. शकुंतला मॅडम रिटायर झाल्या तरी शिकवायला येतात. आम्ही सगळ्या अर्ध्यावर शाळा सुटलेल्या बाया. बाकं इतकी छोटी की गुडघे अडकतात आणि उठताना एकमेकींना ओढून काढावं लागतं. आम्हीच इतक्या हसतो की बाहेरच्यांचं हसणं ऐकू येत नाही.

माझी शाळा कशी सुटली ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आठवीत होते. तुझ्या नानांनी मला शाळेतून काढून कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर लावलं, कारण तिथं लहान बोटं लागतात. संध्याकाळी कळी सोलायची, सकाळी तिच्यावर नराचं फूल फिरवायचं आणि देठाला लाल धागा बांधायचा. धागा म्हणजे काम झालं. त्या फुलाला पुन्हा हात लागला की मालक अंगावर यायचा.

आता गंमत ऐक. जानेवारीत सराव परीक्षा झाली. प्रत्येक गणित सोडवून मी त्याच्यापुढं बरोबरची खूण करत गेले. वेळ उरला तरी मागं वळून पाहिलं नाही. साध्या वजाबाकीच्या चुका तशाच राहिल्या आणि मी नापास. मॅडमनी विचारलं, वेळ होता तर तपासलं का नाही? मी म्हणाले, खूण केलेल्याला परत हात कसा लावायचा? त्यांना काही कळेना. पण मागच्या बाकावरची सिंधूताई, जी माझ्याच ओळीत कळ्या सोलायची, ती पोट धरून हसायला लागली.

"हाव मॅडम, म्या बी नाई तपासलं. धागा बांधला का त्याले हात नाई लावाचा, असंच शिकवलं ना आमाले."

मॅडमनी माझाच पेपर फळ्यावर उतरवला आणि सगळ्यांनी मिळून त्यातल्या चुका शोधल्या. मला लाज वाटली नाही, राग आला. झालं ते झालं, आता हात लावू नको, हे मी तेव्हापासून सगळ्याच बाबतीत ऐकत आले. घरच्या सरावात ॲपनं अशाच चुकांवर लाल फुल्या दाखवल्या होत्या. पण मी का चुकते हे त्याला कुठून कळणार? ते सिंधूताईला कळलं.

आता मंगनीचं. इतका वेळ मी टाळत होते, तुझ्या लक्षात आलं असेल. रमजानच्या आधी उरकायची म्हणून तू जी तारीख धरलीस, त्या दिवशी माझा गणिताचा पेपर आहे. मला वाटलं, कामाच्या गडबडीत तू विसरलास. मी वेळापत्रक पाठवलं, तर तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झालास.

मग मागच्या आठवड्यात मदिहाचा फोन आला. बोलता बोलता विचारते, अम्मी, तुमच्या वेळी दहावीला किती मार्क होते? तेव्हा समजलं की तिच्या घरी तू मला दहावी पास करून टाकलं आहेस. माझ्याआधी. आणि तारीखही तू विसरलेला नव्हतास.

मला फार लागलं, फहीम. लोकांना घरबसल्या शिका म्हणून तू दिवसभर कोर्स विकतोस आणि आपली आई शिकतेय हे तुला झाकावंसं वाटतं. तू कशासाठी खोटं बोललास ते मला समजतं. त्यांचं शिकलेलं घर आहे, तुला आपलं घर कमी वाटलं. पण कमी असेन तर मी आहे, आणि मी स्वतःला भरून काढतेय. तुला मध्ये पडायचं कारण नाही.

मी मदिहाला खरं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला काय अवघड जातं? आता ती रोज संध्याकाळी फोनवर समोर बसून मला समीकरणं शिकवते. मी मान हलवली की लगेच म्हणते, नाही समजलं ना? पोरगी चांगली आहे. तिला नीट सांभाळ.

तिच्या वडिलांना तिनं काही सांगितलेलं नाही. ते तुझं काम आहे. तारीख बदला म्हणशील तर ते कारण विचारतील, आणि खरं कारण तूच सांगायचं. मी आजारी आहे असलं काही सांगितलंस तर मी स्वतः फोन करेन.

अब्बांना काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू पेपरले जाय. म्या सोडतो तुले गाडीवर, अन् सुटेपर्यंत तिथंच बसतो. मंगनीत दोघंबी नाई दिसलो, का समजन त्याले."

तेव्हा बघ. तारीख बदललीस तर तुझ्या मंगनीला मी नवा सूट घालून सगळ्यांच्या पुढं बसेन. नाही बदललीस तर त्या वेळी मी समीकरणं सोडवत असेन, आणि या वेळी प्रत्येक गणित उलटून तपासेन.

हे पत्रही मी दोनदा तपासलं. एक शब्दही खोडावासा वाटला नाही.

तुझी अम्मी,
अमीना कय्यूम शेख
सातवी पास, सध्या.