विहीणबाईंचा पुदिना

८ मार्च, रविवार

विहीणबाई येऊन गेल्या. हातात ओल्या कागदात गुंडाळलेला पुदिना! "असू द्या हो. याला काही करावं लागत नाही." लेकीच्या सासूबाई – नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? बरं, नुसता देऊन जातील तर शपथ. लावून झाल्यावरच उठल्या. तोही कुठे, तर माझ्या पांढऱ्या गुलाबाच्या वाफ्यात. "इथे ऊन छान आहे" म्हणे. ऊन माझं, वाफा माझा, मर्जी मात्र त्यांची.

१७ मार्च

रुजला. मेला असता तर दोन आसवं गाळायची माझी तयारी होती.

२९ मार्च

वरून साधाभोळा दिसतो. खालून मातीत धुमारे सोडून कुठच्या कुठे जातो! गुलाबाच्या बुंध्याला वेढा घालून झालाय. उपटायला जावं तर हातभर मूळ निघतं आणि शेवटी तुटतंच. आज खुरपं घेऊन खचाखच तुकडे केले. मन शांत झालं. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "वा. पेरणी चाललीय वाटतं."

५ एप्रिल

ह्यांचं खरं निघालं. तुकड्यातुकड्याला कोंब! ह्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

लेकीला फोन केला. काढून टाकू का गं, म्हटलं. "नको आई. राहू दे ना." किती हळू बोलली! सासूबाई शेजारीच बसलेल्या असणार. माझी लेक म्हणजे गरीब गाय. लहानपणी माझ्या कपाटातला एक कप्पा हवा होता, तर तोसुद्धा चाचरत मागितला होता बिचारीने. (पुढे सगळं कपाटच तिचं झालं, ते सोडा.) मी इथे एक शब्द वाकडा बोलले, तर तिथे तिला दहा ऐकावे लागतील. मुलीच्या आईने मूग गिळून बसावं, दुसरं काय! जीव जळतो नुसता.

१२ एप्रिल

जुन्या बादलीचं बूड कापून ती वाफ्यात पुरली आणि पुदिना आत कोंबला. जन्मठेप! काठ दिसायला नको म्हणून मातीबरोबर सपाट केला. काय सुबक दिसतंय.

२४ एप्रिल

सुबक माझं डोंबल! काठावरून आरामात चालत बाहेर आलाय. काठ चार बोटं वर ठेवायला हवा होता. गुलाबाला यंदा एकच कळी, तीही रुसलेली.

त्यात विहीणबाईंचा फोन. "पुदिना कसा आहे?" मजेत आहे म्हटलं. "खरंच?" – काय तो आवाज! मास्तरीणबाईंनी गृहपाठ तपासावा तसा.

३ मे

बास. बादलीसकट सगळा उपटला. माती चाळली, एकेक पांढरं मूळ वेचलं, पोतं भरून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. हातांचा वास जाता जात नाहीये. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं!

संध्याकाळी मात्र लेकीला फोन लावायला दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. लेकीला आता काय काय ऐकवतील?

१० मे, रविवार

सकाळी दार उघडते तर विहीणबाई दत्त म्हणून उभ्या! चहा नको, पाणी नको, थेट वाफ्याकडे. मी मागून कारणं जुळवत – कीड पडली म्हणू? की ह्यांनी गवत समजून उपटला म्हणू?

मोकळ्या मातीकडे बघत राहिल्या. मग माझा हात घट्ट धरला. "काढलात? मुळापासून? कसं जमवलंत हो?" डोळ्यांत पाणी!

पुदिना त्यांचा नव्हताच. माझ्या लेकीने लावलेला. "आधी म्हणाली, बागेतला एक कोपरा द्या. मग सगळी बाग. मग स्वयंपाकघर, मग माझं कपाट. बोलते इतकं गोड, की नाही म्हणायला जागाच राहत नाही. पुदिना तर आमच्या फाटकापर्यंत गेलाय. थोडा उपटून तुमच्याकडे आणला – म्हटलं, ज्यांचं त्यांना. गुलाबांचं तेवढं माफ करा. पण सांगणार कसं? तुम्ही तिच्या आई."

म्हणजे मी लेकीसाठी गप्प आणि त्या लेकीला घाबरून गप्प. अळीमिळी गुपचिळी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि – इथेच लिहिते, इतर कुठे बोलायची सोय नाही – थोडा अभिमानही वाटला. मग दोघींनी दोन-दोन कप चहा घेतला आणि पोटभर हसलो. किती वाईट समजत होते मी त्या बाईंना.

१४ मे

लेकीचा फोन. "आई, आम्ही दोघं तिकडेच राहायला येतोय. कायमचे. सध्या फक्त मागची खोली दे." मी तोंड उघडायच्या आत – किती हळू, किती गोड! – "तुला काही करावं लागणार नाही."