लवंगेवरचे नऊ दिवस

१७ जानेवारी १९५८, अकोला
अनसूयाबाई आज परत आली. बार्शीटाकळीहून, मुलाचा हात धरून. दसऱ्यानंतर तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मीच काढला होता. पाचव्या दिवशी आत रक्त, मग पू, मग डोळाच गेला. आता डावाही पिकलाय. म्हणते, "हा बी तुमीच करा." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
लघवी तपासली. नळीत विटकरी रंग, म्हणजे साखर भरपूर. तेव्हा निळी होती, म्हणजे साखर नाही. कागदावर अक्षर माझंच आहे.

१८ जाने.
कळलं. तेव्हाची तपासणी नवरात्रातली. अ.बा. कौतुकाने सांगत होती, नऊ दिवस नुसतं पाणी अन् लवंगा, चाळीस वर्षांत उपास एकदा मोडला नाही. पोटात कण नाही तर लघवीत साखर येणार कुठून? मग दसऱ्याला पुरणपोळी, आणि दोन दिवसांनी माझी सुरी.
काय खाल्लं, एवढंच विचारायचं होतं. मी गाढव. वर भाकीत केलं होतं, दिवाळीला सुई ओवाल म्हणून.

२३ जाने.
अमरावतीला सरांकडे जाऊन आलो. त्यांच्या हाताखाली शिकलो, दुसऱ्या कोणाला विचारणार. मधुमेह्याचा डोळा ऑपरेशननंतर बिघडणार, हे आधी कसं ओळखायचं? म्हणाले, अंगावर गळवं, पायाला जखम, हिरड्या, सगळं बघ. महिनाभर साखर आवर. आणि खात्री कोणालाच देऊ नको. हे ऐकायला मोटारीत हाडं खिळखिळी करून घेतली.

९ फेब्रु.
अ.बा.ला दवाखान्यातच ठेवलंय. रोज इन्सुलिन, कुरकुर नाही. गळू नाही, जखम नाही. लघवी आठवडाभर निळी. या निळ्यावर माझा विश्वास बसत नाही. दाढी करताना आरशात माझ्या जागी तिचा तो पांढरा डोळा. गाल कापला.
मुलगा, महादेव, घाई करतोय. बिघडलं तर बाई ठार आंधळी. नाही केलं तरी आंधळीच...

१२ फेब्रु.
सांगून टाकलं. दोघांसमोर. उजवा डोळा नशिबाने नाही गेला, मी विचारलं नाही म्हणून गेला. हवं तर दुसरीकडे न्या. महादेव उठून बाहेर गेला.
तिने पदर चाचपला. मग म्हणाली, "मले वाटे, माह्या उपासातच काई चुकलं. चार महिने देवीची माफी मांगून राहिली मी."


१३ फेब्रु.
सकाळी फेरीला गेलो. आधी तीच बोलली. "आता तुमी इचारलं, म्या सांगतलं. करा."
महादेव माझ्याकडे बघत नाही. त्याचं बरोबर आहे.

१८ फेब्रु.
शुक्रवारी केलं. रविवारी महाशिवरात्र, सगळा वॉर्ड उपाशी. ही दूधभात खाऊन पडून, पट्टीखाली.
उद्या पाचवा दिवस. पट्टी सोडायची.
संध्याकाळी खाटेशी गेलो. तिने पावलांवरून ओळखलं. "बसा जरासे," म्हणाली. बसलो. मागच्या वेळी रोज विचारायची, कधी दिसंल म्हणून. या खेपेला तिने एकदाही विचारलेलं नाही.