ताईचे ओढलेले गाल

७ सप्टेंबर

ताईने गाल ओढून घेतले! धागे घालून! लातूरहून आत्ताच आले, पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, आधी लिहायला बसले.

दार दाजींनी उघडलं. ताई आत उशांना टेकून बसलेली. गाल सुजलेले, कानशिलांजवळ काळंनिळं. मला वाटलं, पडली की काय! तर म्हणते — तेही ओठ न हलवता — "काई न्हाई गं, धागे टाकलेत. सुईनं कातडीच्या आतून घालतेत अन् वर ओढतेत. चिरफाड न्हाई, काई न्हाई. तासाभरात घरी." जसं काही ब्लाउजला काज करून आणलंय! आता म्हणे मोठ्याने हसायचं नाही, जांभई द्यायची नाही, कुशीवर झोपायचं नाही. दाजी वरण-भात कालवून वाटीत देत होते.

मी चहा प्याले आणि उठले. परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत दात आवळून बसले होते.

८ सप्टेंबर

शाळेत विनाकारण पोरांवर ओरडले.

तिचं तोंड, तिने काहीही करावं, हे मलाही कळतं. केस रंगव, दात बसव, कोण अडवतंय? पण ते गाल तिच्या एकटीचे नव्हते. आईचे होते!

आईचा एकही फोटो नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांची, किनवटला वसतिगृहात. मामा तिथे मास्तर, म्हणून ठेवलेली. घर गेलं, पेटी गेली, पेटीतला एकुलता एक फोटो गेला. मामाच्या लग्नातल्या फोटोत आई आहे, पण पाठमोरी. मला गावी नेलं तोवर सगळं उरकलेलं. ताईचं नुकतंच लग्न झालेलं, ती माहेरी आली होती. ती वाचली. "मला लगोलग काढलं. आई झोपेतच गेली, काई कळलं न्हाई तिला." तीस वर्षं उलटून गेली, एवढंच सांगते.

आणि मी आईचं तोंड विसरले. खरंच विसरले! चार-पाच वर्षांमागे एकदा ताई भाकरी थापायला वाकली, गाल खाली आले, ओठांच्या कडेला दोन घड्या पडल्या — आणि समोर आई! आई काही फार म्हातारी होऊन गेली नाही, पण उन्हातान्हात राबलेल्या बाईचं तोंड लवकर उतरतं. तेव्हापासून महिन्याला लातूर गाठते. कधी चटणीचं निमित्त, कधी डॉक्टरचं. जायचं ते आईला बघायला.

१० सप्टेंबर

तिला माहीत नव्हतं असंही नाही! हाच तर संताप आहे.

उन्हाळ्यातच सांगितलं होतं. इथे आमच्या गावात, वजिराबादला मार्तंड पेंटर आहे, तैलचित्रं काढतो. "फोटो न्हाई म्हणता, तर मग माणूस बसवा माझ्यापुढं मॅडम," म्हणाला. ३० सप्टेंबरला, आईच्या दिवशी, वंदनेला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आईचं चित्र ठेवायचं. मला आयुष्यात एवढं एकच पाहिजे होतं. ताई म्हणाली, "हाव, येते की." मग गुडघे दुखले. मग पाहुणे आले. मग दाजींची शुगर वाढली. आणि आता हे! सरळ नाही म्हणायला काय जीभ झडली होती?

मोबाईलमधला फोटो द्यावा म्हटलं तर तोही नाही. मोबाईल दिसला की बाई पदर ओढते.

११ सप्टेंबर

दाजींचा फोन. ताईच्या डाव्या गालाला खड्डा पडलाय. धागा जास्त ओढला गेला बहुतेक. पडू दे!

१४ सप्टेंबर

शेवटी मीच फोन केला. का केलंस, सांग.

"धम्मप्रियाचं लग्न हाय पुढं. लेकीच्या फोटोत बरं दिसावं वाटतंय की."

फोटोत! जन्मभर मोबाईलला तोंड फिरवणाऱ्या बाईला आता फोटोची हौस! कोणाला शेंडी लावते?

म्हटलं, "तू आईला पुसून टाकलंस."

तशी एकदम उसळली — "तुझी आई, तुझी आई करून राहिलीस! माझी कोन व्हती?" आणि फोन बंद.

वर तोंड करून मलाच ऐकवते!

१५ सप्टेंबर

मोबाईलवर वाचलं. धागे आत विरघळतात, वर्ष-दीड वर्षात गाल पुन्हा उतरतात. बरं झालं! थांबेन मी. पेंटरही थांबेल. वाईट विचार आहे, माहीत आहे. लिहून बरं वाटलं.

२१ सप्टेंबर

पेंटरचा फोन. "मॅडम, तुमच्यावरूनच काढू की. बहिणी-बहिणी सारख्याच असतेत."

कुठल्या सारख्या? मी सगळी वडिलांवर, आप्पांवर गेलेय. तरी आरशापुढे उभी राहिले, दोन्ही गाल बोटांनी खाली ओढून बघितले. आप्पाच. रडवेले आप्पा. इतका राग आला की पावडरचा डबा भिंतीवर फेकला. मग झाडू घेऊन बसले.

३० सप्टेंबर

किल्लारीला गेले. मेणबत्ती लावली. बायका आपापल्या माणसांचे फोटो छातीशी धरून उभ्या होत्या. मी मोकळ्या हाताने. ताई आली नाही, ती कधीच येत नाही. सुजेचं निमित्त तरी आहे यंदा!

आज लातूरलाच उतरणार. समोर बसवून विचारणार. काय तो सोक्षमोक्ष लागू दे.

१ ऑक्टोबर

आई झोपेत गेली नव्हती.

ताईला लगोलग काढलंही नव्हतं. दिवस कलेपर्यंत दोघी दगडमातीखाली, तोंडापुढे तोंड. "मला हाका मारून राहिली व्हती. मग थांबली. डोळे उघडेच. मला मान वळविता येईना गं, मी तिच्याकडंच बघत व्हते. आता सकाळी दात घासाया उभारलं की आरशात तीच. अन् तू म्हणतीस, तिचं चित्र काढाया बस."

मार्तंड पेंटरला नको म्हणून कळवलं. खड्डा काढायला ताईला सोमवारी परत बोलावलंय. मी रजा टाकली. तिच्याबरोबर मी जाणार आहे.