उबेतले गहू

बाबा, निफाडला द्राक्षबागेत तुम्ही पहाटे शेकोट्या पेटवायचात, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून. धुरानं डोळे चुरचुरायचे आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं, थंडी म्हणजे वैरीण. त्या समजुतीनं इथे नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला माझी चांगलीच फजिती केली.

प्रयोगासाठी गव्हाची रोपं पाच आठवडे उघड्यावर ठेवली होती. गारठा थोडा थोडा वाढतो, तशी ती पानांत साखर साठवतात, पाणी कमी करतात, जमिनीलगत बसून राहतात आणि अशी कडाक्याला तयार होतात. हे सगळं वाचलेलं होतं. पण कडाका पडणार असं कळलं आणि माझ्यातली निफाडकरीण जागी झाली. सायकल काढून गेले आणि मावतील तेवढे ट्रे उबदार काचघरात नेऊन ठेवले. चार दिवसांनी, ठरल्याप्रमाणे, कोण तगतं ते बघायला सगळेच ट्रे उणे बारा अंशांच्या फ्रीझरमध्ये गेले. बाहेर काढले तेव्हा एकजात सगळी रोपं मेलेली वाटली. तीन आठवड्यांनी बघते तर माझ्या मायेतले ट्रे कुजलेले, आणि जागा नाही म्हणून बाहेरच राहिलेल्या ट्रेंमध्ये वाळक्या पानांच्या बुडातून हिरवेगार कोंब! मी तिथेच फरशीवर बसले. बोटभर रोप, ना घोंगडी ना शेकोटी, आणि केवढी ही ताकद. आमच्या डच प्रमुख बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "यू वेअर टू काइंड टु देम."

तेव्हा तुम्ही आठवलात. मी अकरा वर्षांची असताना मला आधी दोन दिवस नाशिकला आत्याकडे ठेवलंत, मग आठ दिवस, मग महिनाभर, आणि मग वसतिगृहात. आई गेल्यावर तुम्हाला मी नकोशी झाले, असं मी कितीतरी वर्षं धरून बसले होते. दवाखान्यात शेवटी तुम्ही विचारलंत, "फार जड गेलं का गं तुला?" मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले.

हे पत्र कुठे टाकणार? प्रयोगाच्या वहीत ठेवते आहे. पण उत्तर द्यायचं राहिलंय. नाही बाबा, जड नाही गेलं. दुसऱ्या खेपेलाच मी आत्याकडे मजेत होते. घरी आल्यावर "रोज रडले" म्हणून सांगायचे, ते तुम्हाला लागावं म्हणून.