सागवानी पलंगाला बसेल असं घर

४ जानेवारी
घरमालकाचा मुलगा येऊन गेला. इमारत पाडणार, जूनअखेर खोली रिकामी करा म्हणाला. याचा बाप असता तर अशी भाषा केली नसती. मी मुळीच घाबरलो नाही. जन्मभर लोकांची दारं, खिडक्या, कपाटं केली. सुताराला घर मिळणार नाही?
निश्चय : महिन्याभरात म्हातारपणाला शोभेल अशी जागा शोधणे. तळमजला (हिचे गुडघे). दवाखाना जवळ. भाडं बँकेच्या व्याजात बसणारं.
झोप नाही. पित्तामुळे.

११ जानेवारी
एजंट गाठला. दर वाक्याला ‘काका, चिंता नको’ म्हणतो, म्हणून त्याचं नाव चिंतानको ठेवलं. आमचा भाड्याचा आकडा ऐकून मात्र तोच चिंतेत पडला. म्हणाला, एवढ्यात गाडी उभी करायला जागा मिळेल. मला हसू आलं. घासाघिशीच्या या जुन्या युक्त्या. मी ओळखून आहे.

२ फेब्रुवारी
पहिली जागा पाहिली. तळमजला, दोन खोल्या, उजेड. भाडं ओढूनताणून बसेल. ही ओट्यावरून हात फिरवून आली, म्हणजे पसंत. मी टेप काढून दार मोजलं. अरुंद. पलंग आत जाणार नाही.
पलंग मी लग्नाआधी स्वतः केलेला. अस्सल साग. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही, सगळ्या खाचा आणि सरस. सुटा होत नाही, हाच तर त्याचा गुण. जागा नाकारली.
वाटेत ही म्हणाली, लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, तुम्ही पलंग पाहून घर शोधा. मग म्हणाली, आधी आपलं दार मोजा. टोमणा असावा. बायकांना लाकडातलं कळत नाही.

८ मार्च
त्या जागेची पुन्हा चौकशी केली. सहज. गेली म्हणे, तीही जास्त भाड्याने. बरं झालं. भिंतींना ओल असणारच.
आज आणखी दोन पाहिल्या. एकीच्या जिन्याला वळण फार. दुसरीचं दार रुंद, पण पलंग आत ठेवला की माणसं बाहेर. चिंतानको म्हणाला, काका, पलंग विकून टाका. मी विचारलं, तू आईला विकशील का? तो चहा न पिताच गेला. हल्लीच्या पोरांना थट्टा सोसत नाही.

१९ एप्रिल
चिंतानकोचा राग गेला. आज गावाबाहेर, शेवटच्या बसस्टॉपच्याही पुढे नेलं. ऐसपैस जागा, दारातून हत्ती जाईल. पण दुकान नाही, दवाखाना नाही, आणि एवढं असून भाडं आमच्या आकड्याच्या वरच. ही पायरीवर गुडघा चोळत बसलेली. म्हणाली, इथे मेलो तर खांदा द्यायला येणाऱ्यांना दोन बस बदलाव्या लागतील.
मे महिन्यात भाव उतरतात. कुठेतरी वाचलंय.

२४ मे
उतरले नाहीत.
मुलगी आली होती. दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी आत गेलो तर एकदम भाजीच्या भावावर आल्या. मुलीकडे दीड खोली, त्यात जावई, त्याची आई, बाळ. म्हणाली, बाबा, आईची सोय माझ्याकडे होईल, बाळालाही बघेल. मी म्हटलं, आणि मी? म्हणाली, काकांनी बोलावलंय ना तुम्हाला! धाकट्या भावाने मला बोलावलंय हे मला आजच कळलं. बाकी सगळ्यांना आधीपासून माहीत.
मी बजावून सांगितलं, हे तात्पुरतं. जागा मिळेपर्यंतच. दोघी लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच म्हणायला नको होतं.

२८ जून
टेम्पो आला. पलंग भावाकडे न्यायचा. हमालांनी तो आडवा केला, उभा केला, तिरका केला. दारातून निघेना. मी त्यांची अक्कल काढली. मग टेप लावला.
पाच महिने साऱ्या गावाची दारं मोजली. हे एक राहिलं होतं.
आता आठवलं. फळ्या आत आणून पलंग मी याच खोलीत जोडला होता. तो या दारातून कधी आत आलाच नव्हता.
हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, सांगितलं होतं की फेब्रुवारीत. मागची पानं उलटली. सांगितलं होतं.
करवत काढली. मधोमध उभा चिरायचं ठरवलं. हलू नये म्हणून ही दुसऱ्या बाजूने धरून बसली. लाकूड आतून अजून ताजं, वाससुद्धा येत होता. मधे दोनदा थांबलो, करवतीला धार नसल्यामुळे.
अर्ध्या पलंगाला दोनच पाय उरतात, हे चिरून झाल्यावर लक्षात आलं. माझ्या अर्ध्याचे दोन काढून हिच्या अर्ध्याला बसवले. गुडघे हिचे दुखतात. सरस वाळायला वेळ नव्हता, खिळे ठोकले.
हिचा अर्धा आधी मुलीकडे गेला. ही टेम्पोत पुढे बसली. पलंगाला ओरखडा पडू देऊ नका, असं ड्रायव्हरला सांगत होती.

३ जुलै
भावाने गॅलरी बंद करून घेतली आहे, तीत माझी सोय. हवा चांगली. पलंग जमिनीलाच टेकलेला, त्यामुळे पडायची भीती नाही. उठताना भिंत धरावी लागते, तो व्यायाम.
हिचा फोन आला. पलंग छान आहे, एक पाय करकरतो म्हणाली. मी म्हटलं, उद्या येऊन बघतो. म्हणाली, जावई कामाला गेले की या.
मग चिंतानकोचा. खोली आहे म्हणाला, तळमजला, तुमच्या आकड्यात, पण एका माणसापुरती. मी म्हटलं, दोघांसाठी बघ. तो म्हणाला, काका, दोघांसाठी... आणि थांबला. चिंता नको म्हणाला नाही.
मीच फोन ठेवला. दार किती रुंद आहे ते विचारलंच नाही.